स्कॅनच्या आधी पोटात येणारा गोळा

मराठीत भीती वाटली की पोटात गोळा येतो. ज्याने कोणी हा वाक्प्रचार रूढ केला त्याला आतड्याचा कॅन्सर झालेला नसणार. आमच्यासारख्यांना तो जपून वापरावा लागतो. एकदा मी डॉक्टरांसमोर सहज बोलून गेले, "स्कॅनची तारीख जवळ आली की पोटात गोळाच येतो हो." त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "कुठे? किती दिवसांपासून?" डॉक्टर गुजराती आहेत, त्यांचा दोष नाही.

मी बडोद्याला रावपुऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये 29 वर्षं टेक्निशियन होते. रिपोर्ट छापायचा, पाकिटात घालायचा आणि काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे न बघता पुढे सरकवायचा, हे रोजचं काम. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, 2021 मध्ये, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणावर गाठ सापडली आणि यकृतावर दोन डाग. म्हणजे चौथी स्टेज. अवघड जागेचं दुखणं म्हणतात ते अगदी शब्दशः. आधी केमो, मग आतड्याचं आणि यकृताचं ऑपरेशन, मग उरलेली केमो. 2022 च्या दिवाळीपासून माझ्या फाइलवर 'नो एव्हिडन्स ऑफ डिसीज' असं लिहिलेलं असतं, आणि तेव्हापासून मी काउंटरच्या पलीकडच्या बाजूला उभी राहून पाकिटाची वाट बघते.

गंमत म्हणजे उपचार चालू असताना इतकी भीती वाटली नव्हती. दर चौदा दिवसांनी सलाईन, मळमळ, बोटांना मुंग्या, थंड पाण्याचा ग्लास धरवत नाही म्हणून आरडाओरडा. सतत काहीतरी चालू असायचं. ते संपलं आणि करायला काही उरलं नाही. दर तीन महिन्यांनी नुसतं बघायचं. त्या बघण्याच्या आधी आठेक दिवस झोप उडते, माणूस घरच्यांवर खेकसतो, फोडणीत मोहरीऐवजी मेथ्या पडतात. इंग्रजीत यासाठी 'स्कॅन्झायटी' असा जोडशब्दच निघालाय. आपला धाकधूक हा शब्द मला जास्त आवडतो, कारण त्यात छातीचा आवाज ऐकू येतो.

ही धाकधूक पूर्ण जात नाही, हे आधीच सांगते. पण तिचा बराचसा भाग स्कॅन म्हणजे काय हे नीट न कळल्यामुळे येतो, असं माझं मत आहे, आणि तेवढा भाग कमी करता येतो. मी डॉक्टर नाही. मोजमापाच्या धंद्यात आयुष्य गेलेली बाई आहे, म्हणून बोलणार आहे ते मोजमापाबद्दल.

यकृतच का?

आतड्यातून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते आधी एका मोठ्या शिरेतून यकृतात जातं, कारण जेवणातून जे शोषलं गेलं त्याची छाननी तिथे होते. घराच्या दाराशी वॉचमन बसतो तसं. आतड्यातल्या गाठीच्या पेशी सुटल्या तर त्यांना पहिला मुक्काम तिथेच मिळतो. म्हणून या आजारात यकृतावर डाग येणं इतकं नेहमीचं आहे. दुसरं नेहमीचं ठिकाण फुप्फुस, आणि तिसरं पोटाचं आतलं अस्तर.

पूर्वी यकृतापर्यंत गेला म्हणजे संपलं असं मानायचे. आता डाग मोजके असतील आणि काढण्यासारख्या जागी असतील तर सर्जन ते कापून काढतात, आणि यकृत हा असा अवयव आहे की मोठा तुकडा काढला तरी उरलेला भाग काही आठवड्यांत वाढून जागा भरतो. माझं यकृत आता जन्मतः होतं त्या आकाराचं नाही. पहिल्या रिपोर्टमध्ये 'आकारात बदल' हे शब्द वाचून माझ्या जावेने देव पाण्यात घातले होते. तो बदल सर्जनने केलेला होता.

विश्वामित्रीची मोजणी

बडोद्याच्या मधून विश्वामित्री वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांना हे पटत नाही, मग आम्ही त्यांना काळा घोड्याजवळच्या पुलावर नेऊन दाखवतो. 2025 च्या फेब्रुवारीत मोजणी झाली तेव्हा त्या चारशेच्या वर निघाल्या.

मगरी मोजतात कशा? दिवसा काठावर ऊन खात पडलेल्या मोजायच्या. रात्री टॉर्च मारला की पाण्यावर डोळे चमकतात, ते मोजायचे. त्या वेळी जी बुडी मारून बसलीय ती हिशोबात येत नाही. हातभर पिल्लू गवतात असेल तर दिसत नाही. आणि अंधारात काठावरच्या कुत्र्याचेही डोळे चमकतात. म्हणून काही ती मोजणी खोटी ठरत नाही. ती त्या रात्रीची, त्या उजेडातली मोजणी असते, इतकंच.

सीटी स्कॅन ही दिवसाची मोजणी. हातातून आयोडीनचं औषध देतात, ते शिरताना अंगभर ऊब पसरते आणि आपल्याला लघवी झाली की काय असं वाटतं (होत नाही, पहिल्या वेळी मी लाजेने मेले होते). त्या औषधामुळे रक्तवाहिन्या आणि अवयव उठून दिसतात आणि आकाराने वेगळी दिसणारी गोष्ट पकडता येते. पेट स्कॅन ही रात्रीची, टॉर्चवाली मोजणी. त्यात साखरेसारखा एक किरणोत्सारी पदार्थ टोचतात. भुकेल्या पेशी तो जास्त ओढून घेतात आणि पडद्यावर चमकतात. म्हणून आधी उपाशी राहायचं, शुगर आटोक्यात ठेवायची, इंजेक्शननंतर तासभर गप्प पडून राहायचं. पण साखर फक्त कॅन्सर खात नाही. सूज आलेला भाग खातो, भरत आलेली जखम खाते, जुना क्षयही खातो. मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेह्यांचं चांगलं आतडंही चमकतं, म्हणून ती गोळी चालू असेल तर आधी सांगायचं आणि थांबवायची की नाही हे डॉक्टरांना विचारायचं.

आणि पिल्लं? एक सेंटीमीटरच्या, म्हणजे वाटाण्यापेक्षा जराशा मोठ्या गाठीत दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत पेशी असतात. ती दिसायला लागण्याआधी तिचा बराचसा प्रवास होऊन गेलेला असतो. काही मिलिमीटरचा ठिपका सीटीला दिसला तरी तो काय आहे हे बहुधा सांगता येत नाही, आणि पेट स्कॅनमध्ये तर तो नीटसा दिसतही नाही.

आता 'नो एव्हिडन्स ऑफ डिसीज' हे शब्द परत वाचा. आजार नाही, असं ते म्हणत नाहीत. या उजेडात आम्ही नीट बघितलं आणि काही दिसलं नाही, असं म्हणतात. पहिल्या वर्षी मला हे कंजूषपणाचं वाटायचं. एवढे पैसे घेतात, 'बऱ्या झालात' म्हणायला काय जातं? मग आठवलं की लॅबमध्ये मी स्वतः 29 वर्षं 'निगेटिव्ह' या शब्दावर पेशंटशी असाच वाद घालत आले होते.

यातूनच एक गोष्ट लक्षात आली जिने मला सगळ्यात जास्त आधार दिला. स्कॅन काहीही घडवत नाही. सोमवारी अकरा वाजता यंत्रात शिरताना माझ्या पोटात जे असतं तेच पावणेबाराला बाहेर येतानाही असतं. त्या मशीनला मी मनातल्या मनात न्यायाधीश केलं होतं. ते बिचारं फोटोग्राफर आहे.

रिपोर्टची भाषा

हल्ली रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. हा सोयीच्या नावाखाली झालेला मोठा त्रास आहे. रात्री साडेनऊला लिंक येते, डॉक्टर परवा भेटणार असतात, आणि मधल्या वेळात अख्खं घर रेडिओलॉजिस्ट होतं.

त्यामुळे काही शब्द ओळखीचे करून ठेवा. 'अनरिमार्केबल' म्हणजे उल्लेख करण्यासारखं काही नाही. यापेक्षा चांगला शब्द रिपोर्टमध्ये नसतो. 'स्टेबल' किंवा 'नो सिग्निफिकंट इंटर्व्हल चेंज' म्हणजे मागच्या वेळेइतकंच. 'सिस्ट' म्हणजे बहुधा पाण्याची साधी पिशवी, आणि 'हेमँजिओमा' म्हणजे रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी पुंजका. पुष्कळ धडधाकट माणसांच्या यकृतात या दोन्ही गोष्टी असतात, फक्त त्यांचा कधी स्कॅन झालेला नसतो. 'टू स्मॉल टु कॅरेक्टराइज' म्हणजे इतकं बारीक की नाव देता येत नाही. हा शब्द भयंकर वाटतो, कारण त्यात होही नाही आणि नाहीही नाही. असे ठिपके बहुतेकदा काहीच निघत नाहीत, पण खात्री एकाच गोष्टीने होते, ती म्हणजे वेळ. तीन महिन्यांनी परत बघतात. वाढला तर विचार, नाही तर सोडून द्यायचा.

माझ्या उजव्या फुप्फुसात असा चार मिलिमीटरचा ठिपका दुसऱ्याच स्कॅनमध्ये निघाला. तीन महिने मी मनातल्या मनात स्वतःचं तेरावं जेवून घेतलं. पुढच्या स्कॅनमध्ये तो चारच मिलिमीटर, त्याच्या पुढच्यातही चारच. शेवटी 'जुना ग्रॅन्युलोमा असावा' असं ठरलं. ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीराने कुठल्या तरी जुन्या जंतुसंसर्गाभोवती बांधलेली भिंत. आपल्या देशात क्षयाचे जंतू इतक्या लोकांच्या छातीत पाहुणचार घेऊन गेलेत की असे ठिपके सापडणं यात नवल नाही. परदेशातली माहिती वाचून घाबरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणखी एक. ज्यांचे उपचार चालूच आहेत, गाठी काढता आलेल्या नाहीत, त्यांच्यासाठी 'स्टेबल' हा शब्द नापास झाल्यासारखा वाटतो. "एवढी केमो घेऊन तेवढंच?" तज्ज्ञांचं गणित असं असतं: मोजायला निवडलेल्या गाठींच्या लांबीची बेरीज 30 टक्के किंवा जास्त घटली तर उपचार लागू पडला, सगळ्यात कमी होती त्यापेक्षा 20 टक्के किंवा जास्त वाढली, आणि ती वाढ किमान पाच मिलिमीटर असली, तर आजार पुढे गेला, मधलं सगळं स्टेबल. ही एवढी मोकळी जागा ठेवण्याचं कारण म्हणजे एकच गाठ दोन जणांनी मोजली तर दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतात. श्वास थोडा जास्त घेतला तरी यकृत खाली सरकतं आणि काप वेगळ्या जागी पडतो. पसरलेल्या आजारात जो वाढायला निघाला होता तो जागच्या जागी थांबणं, हे औषधाने केलेलं काम आहे.

सीईए, माझं माहेर

हा भाग माझ्या खात्यातला, म्हणून जरा लांबणार. सीईए हे रक्तातलं एक प्रथिन. 1965 मध्ये कॅनडात माँट्रियलला आतड्याच्या गाठींवर काम करताना ते सापडलं. साधारण 5 नॅनोग्रॅमच्या आत असलं की नॉर्मल धरतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये मुळातच जास्त असतं. यकृताला सूज, पित्ताचा त्रास, स्वादुपिंडाचा दाह, यांनीही वाढतं. काही गाठी सीईए बनवतच नाहीत, त्यामुळे अशा लोकांचा आकडा चांगला असण्याला फारसा अर्थ नसतो. आपली गाठ कुठल्या जातीची होती हे ऑपरेशनच्या आधीच्या आकड्यावरून कळतं. तो जुना कागद फेकू नका.

आता आतली गोष्ट. एकच नळी दोन लॅबमध्ये पाठवली तर दोन वेगळे आकडे येतात, कारण यंत्रं वेगळी, रसायनं वेगळी. एकाच यंत्रावर सकाळ-संध्याकाळ लावली तरी थोडा फरक पडतो. 2.1 चं 2.8 झालं याला आम्ही लॅबवाले वाढ म्हणत नाही, ती यंत्राची कुरकुर असते. म्हणून लॅब बदलू नका. पन्नास रुपये स्वस्त पडतंय म्हणून तर मुळीच नाही. एक आकडा वर गेला तर काही आठवड्यांनी परत करतात. लागोपाठ चढत गेला तर त्याची दखल घेतात. आणि केमोनंतर केस यावेत म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबमध्ये सांगा. काही यंत्रांवर बायोटिनमुळे आकडा खोटा कमी येतो.

इतकं सगळं माहीत असलेल्या बाईचा सीईए गेल्या वर्षी 2.4 वरून 3.9 झाला, तेव्हा तिने काय केलं? रात्री दोन वाजता उठून जुन्या फायली काढल्या आणि आलेखाच्या कागदावर ठिपके जोडत बसली. महिन्याने तो 2.6 आला. ज्ञानाने भीती जाते असं कोणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा. ज्ञानाने ती दोनला उठून चारला झोपते, एवढा फायदा नक्की होतो.

न कळण्याचा त्रास

2016 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये एक प्रयोग झाला. 45 माणसांना संगणकावर दगड उलटायला लावले. खाली साप निघाला की हाताला विजेचा खरा झटका. घाम आणि डोळ्यांची बाहुली बघून त्यांचा ताण मोजला. झटका बसणार हे शंभर टक्के ठरलेलं असताना ताण कमी होता. सगळ्यात जास्त होता तो साप असण्याची शक्यता अर्धीअर्धी असताना.

आपण त्या अर्ध्याअर्ध्या दगडासमोर दर तीन महिन्यांनी उभे राहतो. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण आजीकडून ऐकताना वाटायचं की मनाला दटावलंय. आता वाटतं, मनाचं वर्णन केलंय. मेंदूला मोकळी जागा मिळाली की तो ती वाईट चित्राने भरतो, कारण रानात राहणाऱ्या पूर्वजांना त्याचा उपयोग झाला होता. तेव्हा स्कॅनच्या आधी घाबरलात म्हणजे तुमची श्रद्धा कमी पडली, 'पॉझिटिव्ह' राहता आलं नाही, आणि त्यामुळे रिपोर्ट बिघडेल, हे डोक्यातून काढून टाका. भीतीने गाठ येत नाही. हसतमुख राहिल्याने विरघळतही नाही. "पॉझिटिव्ह राहा हं" असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, पण ते बिचारे दुसरं काय म्हणणार?

शरीरही या दिवसांत चहाड्या करतं. ऑपरेशनच्या जागी आतली अस्तरं चिकटलेली असतात, ती ओढली जातात. आतड्याचा तुकडा गेल्यामुळे शौचाच्या वेळा कायमच्या बदललेल्या असतात. ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधाने आलेल्या मुंग्या वर्षानुवर्षं राहू शकतात. एरवी आपण याकडे बघतही नाही. स्कॅन जवळ आला की प्रत्येक कळ पुरावा वाटायला लागते. माझा नियम साधा आहे: दुखणं वहीत तारीख घालून लिहायचं आणि दोन आठवड्यांनी बघायचं. ते तेव्हाही असेल किंवा वाढत असेल तर फोन. याला अपवाद मात्र आहेत. शौचातून रक्त, डोळे पिवळे होणं, कारण नसताना वजन उतरणं, एकाच पायाला सूज, धाप लागणं यांत वाट बघायची नाही. आणि पोट फुगून उलट्या होत असतील आणि वाराही सरत नसेल तर रात्र असो की गरबा, सरळ इमर्जन्सीत जायचं.

जास्त स्कॅन काढले तर?

माझ्या नणंदेने सुचवलं होतं, "वन्स, दर महिन्याला काढून टाकू या ना, पैशाचं आम्ही बघतो." ती मला वन्स म्हणते आणि मीही तिला वन्स म्हणते, ती वेगळी कथा. प्रेमाने बोलली. पण डेन्मार्क, स्वीडन आणि उरुग्वे इथल्या सुमारे 2500 रुग्णांवर याचा अभ्यास झालाय, 2018 मध्ये छापून आला. ते दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजचे होते. काहींना तीन वर्षांत बरेच स्कॅन आणि सीईए, काहींना मोजकेच. पाच वर्षांनी दोन्ही गटांत दगावणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. चौथ्या स्टेजनंतर तपासण्या जास्त जवळ ठेवतात, पहिली दोन वर्षं साधारण तीन ते सहा महिन्यांनी, मग सहा ते बारा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत. पण ठरवून दिलंय त्याच्याही वर स्वतःच्या मनाने स्कॅन काढून सुरक्षितता विकत घेता येत नाही. एक दिवस बरं वाटतं, आणि नको तो चार मिलिमीटरचा ठिपका मात्र पदरात पडतो.

आम्ही काय करतो

यादी देत नाही, आमच्या घरची रीत सांगते. स्कॅन सोमवारी, डॉक्टर गुरुवारी, ही दोन्ही बुकिंग एकाच फोनवर करायची. मधलं अंतर जितकं कमी तितकं बरं, आणि ते मागून घ्यावं लागतं. लिंक यजमानांच्या फोनवर येते, माझ्या नाही. त्यांनी ती उघडायची नाही असं ठरलंय. ते उघडतात हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांना. तीन दिवस त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, हे मात्र मला 29 वर्षांच्या सवयीने जमतं.

सोसायटीत पुढचा प्रश्न असतो. समोरच्या बेन जिन्यात गाठून विचारतात, "रिपोर्ट सारो आव्यो ने?" तुमच्याकडे उत्तर नसतं आणि हातात भाजीची पिशवी असते. मी आता तारीखच कोणाला सांगत नाही. मुलाला आणि जावेला, बस्स. बाकीच्यांना रिपोर्टनंतर. याला लपवाछपवी म्हणायचं तर म्हणा.

चालणं. कमाटीबागेत रोज पाऊण तास. 2025 मध्ये एक मोठा अभ्यास छापून आला, 889 रुग्णांचा, बहुतेक तिसऱ्या स्टेजचे. केमोनंतर तीन वर्षं ज्यांना ठरवून, कोणाच्या तरी देखरेखीखाली व्यायाम करायला लावला, त्यांच्यात पाच वर्षांनी आजार न परतलेल्यांचं प्रमाण 80 टक्के होतं. ज्यांना नुसतं माहितीपत्रक दिलं त्यांच्यात 74. आमच्या स्टेजला हे जसंच्या तसं लावता येणार नाही. तरी चालून आल्यावर रात्री झोप लागते, यासाठी मला अभ्यासाची गरज नाही.

आणि झोप तरीही येत नसेल, आठ दिवसांची धाकधूक महिनाभर रेंगाळत असेल, स्कॅनच टाळावासा वाटत असेल, तर तज्ज्ञाकडे जा. कॅन्सर परतण्याच्या भीतीवर बोलण्याचे खास उपचार आहेत, त्यांच्या चाचण्या झाल्यात, फरक पडतो. त्यात भीती घालवत नाहीत. लक्ष कुठे द्यायचं ते ठरवण्याची ताकद परत मिळवून देतात. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइनही आहे, 14416, चोवीस तास.

आशा किती मोठी ठेवायची?

यकृतावरचे डाग पूर्ण काढता आलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना आजार पुन्हा दिसतो, बहुतेकांना पहिल्या दोन वर्षांत. हा आकडा मला कोणी सांगत नव्हतं, मी ओढून काढला. आणि याच गटातले साधारण चाळीस टक्के लोक पाच वर्षांनंतर हयात असतात, काही त्याच्याही पुढे दहा वर्षं, स्वच्छ. आजार परतला आणि तरीही माणूस पाच वर्षांनी आहे, असेही लोक त्यात असतात. परतलेला डाग पुन्हा कापता येतो, जाळता येतो, त्यावर नेमके किरण देता येतात, औषधाने दाबून ठेवता येतो. फक्त परत आला म्हणजे खेळ खलास, हे समीकरण चुकीचं आहे. परत आलेला कधी कधी मोठ्या ताकदीने येतो, हेही खरं आहे; माझ्याबरोबर केमोच्या खुर्चीवर बसणाऱ्या तिघींपैकी आज दोघी आहेत.

ज्यांना ऑपरेशन शक्य नाही त्यांनी एक गोष्ट विचारावी: आपल्या गाठीच्या रॅस, बीरॅफ (ही जनुकांची नावं) आणि एमएसआय (पेशीची डीएनए दुरुस्त करण्याची यंत्रणा बिघडलीय का, ते बघणारी) या चाचण्या झाल्या का? औषध कोणतं चालेल हे त्यावर ठरतं. पसरलेल्या आजारात वीसातल्या जेमतेम एकाची गाठ एमएसआय-हाय निघते, पण निघाली तर इम्युनोथेरपीने, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती कामाला लावणाऱ्या औषधांनी, काहींचा आजार वर्षानुवर्षं शांत राहतो. यासाठी नव्याने तुकडा काढावा लागेलच असं नाही. ऑपरेशनचा किंवा बायोप्सीचा नमुना मेणाच्या ठोकळ्यात घालून लॅब जपून ठेवते. तो ब्लॉक तुम्ही मागू शकता. मागा.

माझी आशा आता तीन-तीन महिन्यांच्या मापाची आहे, आणि ती पूर्वीपेक्षा लहान झाली असं मला वाटत नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला, मगरी सोसायट्यांमध्ये शिरल्या, आमच्या गल्लीच्या तोंडाशी वनखात्याची माणसं दोर घेऊन उभी होती. तेव्हा आम्ही घाबरलो, वरच्या मजल्यावर गेलो. पाणी उतरल्यावर तोच पूल ओलांडून भाजी आणायला गेलो. कठड्याशी थांबून खाली बघतो अजून. एखादी दिसते, कधी नाही दिसत.

गेल्या महिन्यात स्कॅन झाला. यंत्रातला रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला, "साँस लीजिए. रोकिए." मी रोखली. पट्टा पुढे गेला, मागे आला. "साँस छोड़िए." बाहेर यजमान माझ्या चपला आणि पर्स सांभाळत बसले होते. सकाळपासून उपाशी, म्हणून तिथून नेहमीप्रमाणे सेव-उसळीच्या गाडीवर. माझी बिनतर्रीची, त्यांची झणझणीत.

"गुरुवारी ना?" त्यांनी विचारलं.

"गुरुवारी."

"आज सोमवार," असं म्हणून त्यांनी आणखी दोन पाव मागवले.